कार्बन स्टीलचं केस हार्डनिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेथवर काम करणारे, छोटं वर्कशॉप चालवणारे आणि तंत्रशिक्षण घेणारे विद्यार्थी हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. उत्तरं साध्या कार्बन स्टीलपुरती, म्हणजे क्रोमियम-निकेल न घातलेल्या स्टीलपुरती आहेत. मिश्रधातूच्या स्टीलचा उल्लेख गरज पडेल तिथेच येतो. तापमान सगळीकडे सेल्सिअसमध्ये आणि कडकपणा रॉकवेल सी मापात (एचआरसी) दिला आहे.

१. केस हार्डनिंग म्हणजे नेमकं काय? अख्खा जॉबच कडक केला तर काय बिघडतं?

पिन, बुश, गियर, कॅम असे भाग बाहेरून घासले जातात आणि आतून धक्के खातात. अख्खा भाग ६० एचआरसीपर्यंत कडक केला तर झीज थांबते, पण पहिल्याच जोरदार धक्क्याला तो तुटू शकतो. म्हणून बाहेरचा साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर थर कडक करतात आणि गाभा चिवट ठेवतात.

याचा आणखी एक फायदा आहे. कार्बरायझिंग केलेला (बाहेरून कार्बन घातलेला) थर पाणी दिल्यावर (तापवून झटपट थंड केल्यावर) किंचित फुगू पाहतो आणि गाभा त्याला धरून ठेवतो. त्यामुळे थरात दाबाचा ताण शिल्लक राहतो. वारंवार वाकणाऱ्या भागात तडे पृष्ठभागापासून सुरू होतात आणि हा ताण त्यांना अडवतो.

पद्धतींचे दोन गट आहेत. कमी कार्बनच्या स्टीलमध्ये बाहेरून कार्बन घालून मग पाणी देतात. मध्यम कार्बनच्या स्टीलमध्ये कार्बन आधीच असतो, तिथे फक्त वरचा थर तापवून पाणी देतात.

२. माइल्ड स्टील लालबुंद करून पाण्यात बुडवलं, तरी त्याला कानस लागतेच. असं का?

त्यात पुरेसा कार्बनच नसतो. पाणी दिलेल्या स्टीलचा कमाल कडकपणा कार्बनच्या प्रमाणावर ठरतो. पूर्ण मार्टेन्साइट (पाणी दिल्यावर होणारी कडक रचना) झालं असं धरलं, तर ०.२ टक्के कार्बनला साधारण ४५ एचआरसी, ०.४ टक्क्याला ५५ ते ५७ आणि ०.६ टक्क्याला ६३-६४ मिळतात. त्यापुढे कार्बन वाढवून कडकपणा फारसा वाढत नाही. माइल्ड स्टीलमध्ये कार्बन बहुधा ०.२५ टक्क्यांच्या आत असतो. शिवाय जाड जॉबमध्ये पूर्ण मार्टेन्साइट होतही नाही, त्यामुळे प्रत्यक्षात ४५ सुद्धा दुर्मीळ. पाणी जास्त थंड घेतलं किंवा भट्टी जास्त तापवली तरी यात फरक पडत नाही. आधी कार्बन घालावा लागतो (प्रश्न ४).

३. पडून असलेल्या तुकड्याचं मटेरियल माहीत नाही. कोणती पद्धत वापरायची ते कसं ठरवू?

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींच्या मुळाशी बहुतेकदा हेच असतं: मटेरियल न ओळखता काम सुरू केलेलं. ठिणग्यांवरून अंदाज येतो. कमी कार्बनच्या ठिणग्या लांब, सरळ आणि कमी फुटणाऱ्या असतात. कार्बन वाढतो तशा त्या आखूड होतात आणि चाकाजवळच दाट फुटतात. पण डोळा सरावलेला नसेल तर यावर विसंबू नका.

त्यापेक्षा खात्रीची चाचणी अशी. ६ ते ८ मिमी जाडीचा तुकडा कापा, चुंबक चिकटेनासा होईल त्याच्या थोडं पुढपर्यंत तापवा आणि लगेच पाण्यात हलवत थंड करा. मग कानस लावा.

कानस घसरली आणि तुकडा शिकंज्यात धरून हातोडा मारल्यावर काचेसारखा तुटला, तर कार्बन भरपूर आहे. अशा स्टीलला फ्लेम किंवा इंडक्शन, म्हणजे फक्त वरचा थर तापवून पाणी देणं, पुरेसं आहे (प्रश्न १०). कानस सहज बसली आणि तुकडा वाकला, तर कार्बरायझिंग करा. कानस जेमतेम बसते असं मधलं उत्तर आलं, तर महत्त्वाच्या भागासाठी तो तुकडा वापरू नका. ईएन-३२ (कमी कार्बनचं) किंवा ईएन-८ (मध्यम कार्बनचं) असं नाव माहीत असलेलं मटेरियल आणा.

गॅल्व्हनाइज्ड तुकडा भट्टीत घालायचा नाही. जस्त साधारण ९०७ अंशांना उकळतं आणि त्याची पांढरी वाफ फुप्फुसात गेली की ताप येतो.

४. पेटीत कोळसा भरून कार्बरायझिंग कसं करायचं? क्रमाने सांगा.

पेटी ५-६ मिमी जाड प्लेटची, झाकणाची. जॉब तेल, गंज आणि खपली काढून स्वच्छ करा. तेलाचा डाग राहिला तर तिथे कार्बन कमीजास्त शिरतो.

मिश्रणात कठीण लाकडाचा लोणारी कोळसा घ्या, ३ ते ६ मिमी दाण्याचा. दगडी कोळसा चालत नाही, त्यातलं गंधक स्टीलमध्ये शिरतं. कोळशाची पूड झालेली असेल तर चाळून टाका, कारण पुडीतून वायू फिरत नाही. त्यात वजनाने १० टक्क्यांच्या आसपास धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, मिसळा. कारखान्यात बेरियम कार्बोनेट वापरतात. ते चांगलं काम करतं, पण पोटात गेलं तर विषारी आहे, त्यामुळे छोट्या वर्कशॉपसाठी सोडा बरा. मिश्रण पूर्ण कोरडं हवं.

तळाशी २५ मिमी मिश्रण, वर जॉब. दोन जॉबमध्ये आणि पेटीच्या भिंतीपासून किमान २०-२५ मिमी अंतर, आणि वरून पुन्हा ३०-४० मिमी मिश्रण. ठोकून दाबा. झाकणाच्या फटी अग्निमातीने लिंपा, पण पेटी वेल्डिंग करून हवाबंद करू नका. आत वायू तयार होतो, त्याला मातीतून झिरपायला वाट हवी. पाइपची दोन्ही तोंडं वेल्ड करून भट्टीत घालण्याची युक्ती सांगितली जाते, तसा पाइप फुटू शकतो.

झाकणाला दोन भोकं ठेवून त्यातून त्याच मटेरियलच्या ६ मिमी सळया आत सोडा. मधे एक ओढून पाण्यात टाकायची, तोडायची आणि तुटलेल्या तोंडावर थर किती आला ते बघायचं. कडक थर बारीक दाण्याचा, राखाडी आणि रेशमी दिसतो. गाभा भरड आणि तंतुमय असतो.

भट्टी ९०० ते ९२५ अंशांवर ठेवा. आत खरं काम कोळसा करत नाही, कार्बन मोनॉक्साइड करतो. तो स्टीलला लागून कार्बन सोडतो आणि डायऑक्साइड बनतो, डायऑक्साइड तापलेल्या कोळशाला लागून पुन्हा मोनॉक्साइड होतो. सोडा हे चक्र वेगाने फिरवतो. कार्बन मोनॉक्साइड बिनवासाचा आणि जीवघेणा आहे. बंद खोलीत हे काम करायचं नाही.

वापरलेलं मिश्रण चाळा, राख-पूड काढा आणि चौथा-पाचवा हिस्सा नवं घालून पुन्हा वापरा.

५. किती तास ठेवलं की किती थर मिळतो?

थर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे दुप्पट थराला चौपट वेळ. मिमीमधले ठोकळ आकडे असे:

| वेळ | ८७० अंश | ९०० अंश | ९२५ अंश |
|---|---|---|---|
| १ तास | ०.४६ | ०.५३ | ०.६४ |
| २ तास | ०.६५ | ०.७५ | ०.९० |
| ४ तास | ०.९१ | १.०७ | १.२७ |
| ८ तास | १.२९ | १.५१ | १.८० |

हा कार्बन पोचलेला एकूण थर आहे. ५५० एचव्हीपेक्षा (विकर्स हे कडकपणाचं दुसरं माप) जास्त कडक असलेला कामाचा थर याच्या साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश धरा.

घड्याळ भट्टी तापल्यापासून नव्हे, पेटीचा मध्य तापल्यापासून लावायचं. कोळसा उष्णता फार सावकाश नेतो. मोठ्या पेटीत भट्टीचा काटा ९२५ दाखवत असताना मधला जॉब अजून ७०० वर असू शकतो. "चार तास ठेवलं तरी थर आला नाही" या तक्रारीत बहुतेकदा हेच झालेलं असतं.

वेळ वाचवायला ९५० च्या वर जाऊ नका, स्टीलचे दाणे वाढून गाभा ठिसूळ होतो. आणि थर जाड म्हणजे काम चांगलं, हेही खरं नाही. गियरला मॉड्युलच्या (दाताच्या आकाराचं माप, मिमीमध्ये) १५ ते २० टक्के थर ठीक असतो: ३ मॉड्युलला अर्धा मिमीच्या आसपास. त्याहून जाड केला तर दाताच्या टोकापर्यंत सगळं कडक होतं आणि टोकं उडतात.

६. पेटीतून काढून जॉब थेट पाण्यात टाकला तर चालेल का?

कडक होतो, पण साध्या कार्बन स्टीलला आम्ही हा मार्ग सुचवत नाही. ९२५ अंशांवर तासन्तास राहिल्याने दाणे भरड झालेले असतात. शिवाय इतक्या तापातून पाणी दिलं की थरात न बदललेलं ऑस्टेनाइट (तापलेल्या स्टीलची मऊ रचना) जास्त उरतं, जॉब वाकतो आणि कोपऱ्यांना तडे जातात.

पेटी बंदच ठेवून गार होऊ द्या. मग जॉब काढून ७६० ते ७८० अंशांपर्यंत पुन्हा तापवून पाणी द्या. वरच्या थरात आता ०.८ टक्क्यांच्या आसपास कार्बन आहे, त्याला एवढं तापमान पुरतं. गाभ्याचीही ताकद महत्त्वाची असेल तर दोनदा पाणी द्या: आधी ८७०-९०० वरून गाभ्याचे दाणे बारीक करायला, मग ७६०-७८० वरून थरासाठी. साध्या पिनेला एवढा खटाटोप नको.

दुसऱ्यांदा तापवताना हवा लागून वरचा कार्बन जळतो. जॉब थोड्या वापरलेल्या कोळशात पुरून तापवा किंवा वेळ मोजका ठेवा.

७. पाणी, मीठपाणी की तेल?

साध्या कार्बन स्टीलला पाणी. त्याला इतक्या झटपट थंड करावं लागतं की तेलाचा वेग पुरत नाही. फक्त ५-६ मिमीच्या आतल्या बारीक भागांना तेल कधीकधी पुरतं. ईएन-३६ किंवा २०एमएनसीआर५ सारख्या मिश्रधातूच्या केस हार्डनिंग स्टीलला मात्र तेलच द्यायचं, पाण्यात ती फाटतात.

पाणी २० ते ३० अंशांचं ठेवा. गरम झालं की जॉबभोवती वाफेचं आवरण टिकतं आणि तिथे मऊ ठिपके राहतात. १० लिटरला १ किलो मीठ घातलं की हे आवरण लवकर फुटतं आणि थंडावा एकसारखा लागतो. नंतर जॉब धुवायला विसरू नका, गंज लगेच चढतो.

तेल वापरत असाल तर एक किलो जॉबला किमान ८-१० लिटर, ५० ते ८० अंश गरम. त्यात पाण्याचा थेंबही नको, उकळून तेल बाहेर उडतं. इंजिनचं जळकं तेल टाळा. जॉब एका झटक्यात पूर्ण बुडवा. अर्धा बाहेर राहिला तर तेल तिथेच पेट घेतं.

८. टेंपरिंग केलं तर कमावलेला कडकपणा जाणार नाही का?

टेंपरिंग म्हणजे पाणी दिलेला जॉब पुन्हा हलका तापवणं. १५० ते २०० अंशांवर एक-दोन तास ठेवल्याने एक-दोन आकडेच कमी होतात. न केल्यास मात्र जॉब शेल्फवर पडल्यापडल्याही तडकू शकतो. हात लावण्याइतका गार झाला की लगेच टेंपरिंगला घाला, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

रंगावर काम करत असाल तर घासलेल्या चकचकीत जागेवर फिकट पिवळा रंग साधारण २०० अंशांना येतो. तिथेच थांबा. निळा म्हणजे जवळपास ३०० अंश. तिथे थराचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो.

९. भट्टीला तापमापक नाही. नुसत्या रंगावर भागेल का?

पुन्हा तापवून पाणी देण्यासाठी भागतं, कार्बरायझिंगसाठी नाही. स्टील ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला चिकटणं सोडतं. त्यामुळे प्रश्न ६ मधलं ७६०-७८० चं तापमान चुंबकाने बरोबर सापडतं. रंग सावलीत बघायचा. उन्हात ९०० अंशही मंद लाल दिसतो आणि माणूस जास्त तापवत जातो. पेटीच्या कामाला मात्र थर्मोकपल हवाच. २५ अंशांच्या चुकीने थर किती बदलतो ते प्रश्न ५ च्या तक्त्यात दिसेल.

१०. ईएन-८ चा शाफ्ट आहे. त्यालाही कार्बरायझिंग करावं का?

नको. ०.३५ ते ०.४५ टक्के कार्बन असलेल्या गाभ्यालाही पाण्यात कडकपणा येतो आणि चिवटपणाचा फायदाच जातो. त्याला फ्लेम किंवा इंडक्शन करा.

फ्लेममध्ये ऑक्सि-ॲसिटिलीनच्या ज्योतीने पृष्ठभाग ८५० ते ९०० अंशांना नेऊन मागोमाग पाण्याचा फवारा मारतात. थर दीड ते सहा मिमी. ज्योत एकाच जागी रेंगाळली तर तिथे धातू वितळतो. लहान शाफ्ट फिरवत तापवा.

इंडक्शनमध्ये कॉइलमधल्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेने पृष्ठभाग तापवतात आणि थर त्या विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो. १० किलोहर्ट्झला साधारण २ ते ४ मिमी, ४५० किलोहर्ट्झला मिलिमीटरच्या आसपास. तापवणं काही सेकंदांचं असल्याने तापमान थोडं जास्त, ९००-९५० ठेवतात. शाफ्ट आधी हार्डन-टेंपर किंवा नॉर्मलाइज (तापवून हवेत गार) केलेला असावा, भरड रचनेत कार्बन एवढ्या थोड्या वेळात पसरत नाही.

ईएन-८ कडून ५५ एचआरसीच्या आसपासची अपेक्षा ठेवा. ६० हवेच असतील तर ईएन-९ घ्या.

११. आटे आणि एक भोक मऊ ठेवायचं आहे. काय करू?

कडक आटे घट्ट आवळताना उडतात, त्यामुळे ते झाकायलाच हवेत. तीन मार्ग आहेत. तांब्याचा थर चढवणं, किमान २५ मायक्रॉन आणि एकही छिद्र नसलेला. कार्बनरोधक लेप लावणं. किंवा त्या जागी थरापेक्षा जास्त मटेरियल ठेवून, कार्बरायझिंग झाल्यावर पण पाणी देण्याआधी ते लेथवर काढणं. शेवटचा मार्ग सगळ्यात भरवशाचा. भोकात अग्निमाती ठासली तरी बरंच काम होतं.

१२. पाणी दिल्यावर जॉब वाकतो किंवा तडकतो. कारण?

तडा बहुधा धारदार आतल्या कोपऱ्यातून, की-वेतून किंवा कडेजवळच्या भोकातून निघतो. कोपऱ्याला किमान १ मिमी त्रिज्या द्या, भोकं मातीने बुजवा. तडा दिसला की त्याच्या आतला रंग बघा. आत काळी खपली असेल तर तडा पाणी देण्याआधीचाच आहे, टेंपरिंग न केलेल्या जॉबमध्ये आत लखलखीत असेल तर पाण्यात किंवा त्यानंतर गेला. टेंपरिंगचा रंग आत उतरला असेल तर पाणी देताना किंवा त्यानंतर, पण टेंपरिंगआधी.

वाकण्यामागे लेथच्या कापाचे अडकलेले ताण असतात. खरवडून झाल्यावर ६००-६५० अंशांवर तासभर ताण काढा आणि मग शेवटचा काप घ्या. लांब जॉब उभा टांगून उभाच बुडवा आणि वर-खाली हलवा, आडवा फिरवू नका.

१३. थर आला, पण मधेमधे मऊ ठिपके आहेत.

खपली चिकटलेली होती, सांडशीने धरलेली जागा होती, वाफेचा बुडबुडा अडकला होता (प्रश्न ७), किंवा पेटीत दोन जॉब एकमेकांना टेकले होते. सगळीकडेच वरची त्वचा मऊ आणि खाली कडक असेल तर कार्बन जळाला आहे. ०.१ मिमी घासून पुन्हा कानस लावा.

१४. जॉबला कानस लागत नाही, पण रॉकवेल मशीन ४८ दाखवतं. कोणाचं खरं?

बहुधा कानसेचं. रॉकवेल सीमध्ये १५० किलोचा भार असतो. ६० एचआरसीला हिऱ्याची खूण ०.०८ मिमी खोल जाते आणि खरं मोजमाप मिळायला थर त्याच्या दहापट, म्हणजे ०.८ मिमी हवा. ०.४ मिमी थरावर मशीन खालचा मऊ गाभाही मोजतं. अशा वेळी १५ किलो भाराचं १५-एन माप किंवा विकर्स वापरा. थराची खोली हवी असेल तर नमुना कापून पॉलिश करा आणि कडेपासून आत मायक्रोहार्डनेसच्या खुणा घेत ५५० एचव्ही कुठे येतं ते बघा.

१५. लाल जॉब पावडरीत बुडवायची झटपट पद्धत कशी? आणि सायनाइडची?

फेरोसायनाइडच्या पावडरीत ९०० अंशांचा जॉब दोन-तीनदा बुडवून पाण्यात टाकला तर काही शतांश मिमीची कडक त्वचा मिळते. स्क्रूची टोकं, छोटे पॉल यांना पुरते, ग्राइंडिंगला अजिबात पुरत नाही. फेरोसायनाइड थंड असताना निरुपद्रवी असलं तरी तापल्यावर त्यातून सायनाइड तयार होतं. उघड्यावर करा, उरलेल्या खपलीला आणि पाण्याला आम्ल लागू देऊ नका.

वितळलेल्या सायनाइडचं बाथ (८२० ते ८७० अंश, पाऊण-एक तासात ०.१ ते ०.२५ मिमी) वर्कशॉपमध्ये करायचं काम नाही. आम्ल लागलं तर प्राणघातक वायू, ओला जॉब घातला तर शिंतोडे आणि नायट्रेटच्या मिठात मिसळलं तर स्फोट.

१६. नायट्रायडिंगमध्ये जॉब वाकत नाही म्हणतात. मग साध्या स्टीलला तेच का नको?

५००-५५० अंशांवर नायट्रोजन शिरतो, पण कडकपणा येतो तो ॲल्युमिनियम, क्रोमियम, मॉलिब्डेनमच्या नायट्राइडमुळे. साध्या स्टीलमध्ये ते नसतात. त्याला ५७० अंशांच्या आसपासचं नायट्रोकार्बरायझिंग चालतं. १०-२० मायक्रॉनचा थर येतो, घासण्याला आणि गंजाला चांगला. पण खाली आधार मऊ असल्याने जड दाबाखाली तो थर खचतो.

१७. २ मिमीच्या पट्टीला थर किती द्यावा?

थर दोन्ही बाजूंनी येतो हे विसरलं जातं. ०.८ मिमी थर म्हणजे १.६ मिमी कडक आणि गाभा ०.४ मिमीच, पट्टी तुटणार. निम्म्याहून जास्त जाडी गाभ्याची ठेवा: इथे ०.३, फार तर ०.४ मिमी.

१८. ग्राइंडिंगनंतर जाळीसारखे बारीक तडे दिसले. स्टील खराब होतं का?

सहसा नाही. चाकाने पृष्ठभाग जाळला. मऊ बाँडचं, ड्रेस केलेलं चाक, एका वेळी ०.०१ ते ०.०२ मिमी काप आणि भरपूर कूलंट वापरा. टेंपरिंग न करता ग्राइंड केलेले किंवा जास्त कार्बन शिरलेले जॉब यात आधी बळी पडतात. आणि हिशोब आधीच करा: प्रत्येक बाजूने ०.२५ मिमी घासणार असाल, तर ०.८ च्या थरातले ०.५५ च उरतात.

१९. कडक केलेल्या जॉबला वेल्डिंग किंवा झिंक प्लेटिंग करता येईल का?

वेल्डिंग नको. थरातला जास्तीचा कार्बन वेल्डमध्ये मिसळून तडे जातात, आजूबाजूचं पाणीही उतरतं. करायचंच असेल तर ती जागा प्रश्न ११ प्रमाणे मऊ ठेवा.

प्लेटिंग चालतं, पण आम्लाच्या धुण्यात आणि प्लेटिंगमध्ये हायड्रोजन आत शिरतो आणि कडक थर काही तासांनी किंवा दिवसांनी भाराखाली अचानक तडकतो. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत जॉब १९० अंशांच्या आसपास भट्टीत घालून कित्येक तास ठेवा. त्यासाठी आधीचं टेंपरिंग २०० अंशांवर केलेलं हवं. ते १५० वर केलं असेल, तर हायड्रोजन काढताना थोडा कडकपणाही जाईल.